आधी ठोकळा, मग पिस्तूल

स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना मिळालेला माणूस दुकानात येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला नवं कोरं परदेशी पिस्तूल हवं असतं, आणि ते आपल्या देशात मिळत नाही. ऐंशीच्या दशकात सरकारनं खाजगी माणसाला बाहेरून हत्यार आणायची वाट बंद केली. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, पण ती खेळासाठी. त्यामुळे बंदीच्या आधी जी वॉल्थर, कोल्ट, वेब्ली, ब्राउनिंग देशात आली, तीच आज एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर चढत फिरतायत. आजोबांच्या काळातलं पिस्तूल नातवाच्या पिढीला काही लाखांना विकलं जातं. आयुध निर्माणीचं ‘अशनी’ पिस्तूल आणि .३२ चं रिव्हॉल्व्हर नवं मिळतं. अलीकडे खाजगी कारखान्यांनाही परवाने मिळालेत, उत्तर प्रदेशात संडीला इथं वेब्लीच्या नावानं रिव्हॉल्व्हर तयार होतं. तरीही शर्टाखाली दिसणार नाही असं चपटं, आटोपशीर पिस्तूल म्हटलं की गिऱ्हाइकाची नजर जुन्याकडेच वळते.

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे दुरुस्ती-देखभालीच्या दलात, आर्मरर होतो. रायफली, मशीनगन, अधिकाऱ्यांच्या कमरेची ९ मिमी पिस्तुलं, सगळी उघडायची, तपासायची, दुरुस्त करून परत युनिटला द्यायची हे काम. पेन्शनीवर आल्यापासून कोल्हापुरात एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. शेठ कागद बघतात, मी लोखंड बघतो. विकायला आलेलं प्रत्येक जुनं हत्यार आधी माझ्याकडे येतं, आणि ते कोणाला द्यावं, कोणाला देऊ नये हेही शेठ मला विचारतात. पिस्तूल चांगलं की वाईट हा प्रश्न माझ्या मते निम्माच असतो. ते कोणाच्या अंगावर, कुठल्या कपड्यात, दिवसातले किती तास राहणार आहे हे समजल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

लोक येतात ते नाव घेऊन येतात. कोणाला सिनेमातलं वॉल्थर पीपीके हवं असतं, कोणाला मामाकडे होतं तसलं. काहीजण थेट ९ मिमी मागतात. त्यांना सांगावं लागतं की ९ मिमी आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. मग उरतं ते बहुतेक .३२. हे काडतूस जॉन ब्राउनिंगनं १८९९ च्या सुमाराला तयार केलं आणि बेल्जियमच्या कारखान्यानं त्यासाठीचं पिस्तूल १९०० साली बाजारात आणलं. ९ मिमीपुढे त्याची ताकद कमी, हे खरं. पण झटका कमी, पिस्तूल लहान, आणि हात बसलेला असेल तर चार-पाच पावलांवर नेम चुकत नाही. स्वतःचा जीव वाचवायची वेळ बहुधा त्याच अंतरावर येते.

टेबलावर हत्यार आलं की पहिली गोष्ट एकच: ते रिकामं आहे का. कोणी काहीही सांगो. माझ्या टेबलाशेजारी वाळूनं भरलेला पिंप आहे. नळीचं तोंड त्याच्याकडे, बोट चापापासून लांब, मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, पुन्हा मागे, आणि चेंबरमध्ये आधी डोळा, नंतर करंगळी. फौजेत याला एनएसपी म्हणतात आणि तिथं ते अंगवळणी पडलेलं असतं. बाहेरच्या जगात मात्र ‘मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं’ असा समज घट्ट आहे. हातकणंगले भागातून एक तरुण वडिलांचं पिस्तूल जमा करायला आला होता. परवानाधारक वारला की वारसानं हत्यार वेळ न घालवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, ते तो करत होता. कोल्टचं १९०३ चं मॉडेल, .३२. ‘‘रिकामंच हाय मेजर, म्यागझिन काढूनच आणलंय,’’ म्हणाला. मी स्लाइड मागे ओढली. ती आधी चिकटली, मग झटक्यानं सुटली आणि काडतूस टेबलावर पडलं. पितळेवर हिरवी बुरशी चढलेली, गोळीच्या टोकाला काळपट डाग. वडिलांनी शेवटचं हातात घेतलं तेव्हापासून ते आत बसलेलं होतं. त्या मॉडेलच्या सुरुवातीच्या बनावटीत मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली गोळी सुटू शकते. मुलाचा चेहरा पांढरा पडला. जरा वेळानं म्हणाला, ‘‘आई रोज त्याच कपाटातनं साडी काढती.’’ मी त्याला पाणी दिलं, आणि ती सगळी कृती त्याच्या हातानं, त्याच पिस्तुलावर, पुन्हा पुन्हा करून घेतली. पिस्तूल आता तो बाळगणार नव्हता, तरीही करून घेतली.

आमच्या भागात २०१९ नंतर तपासणीत आणखी एक गोष्ट वाढली, ती म्हणजे पूर. त्या ऑगस्टात पंचगंगा आणि कृष्णा घराघरांत शिरल्या, शिरोळ तालुक्यात तर गावंच्या गावं पाण्यात गेली. माणसं, जनावरं बाहेर काढायची घाई, तिथं कपाटातल्या पिस्तुलाची आठवण कोणाला राहणार. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. ती हत्यारं नंतर पुसून, चकाकी देऊन बाजारात आली. एक वॉल्थर पीपी असंच बाहेरच्या एका विक्रेत्याकडून आमच्याकडे आलं. दिसायला सुंदर, काळीभोर निळाई, कागदपत्रं स्वच्छ. मी भिंग घेतलं. स्लाइडवरच्या अक्षरांच्या कडा गोल झालेल्या होत्या, म्हणजे घासून नव्यानं ब्लूइंग केलेलं. तेवढ्यानं पिस्तूल बाद होत नाही, पण घासायची वेळ का आली हा प्रश्न उभा राहतो. मुठीवरच्या पट्टीचा स्क्रू काढला. पट्टीखाली फ्रेमच्या खोबणीत वाळलेला बारीक गाळ होता, नखानं खरवडला तर पीठ व्हावं असा, आणि त्याच्याखाली लोखंडाला खड्डे. घोड्याची स्प्रिंग जिथं बसते तिथं गंज शिरला होता. नळीतून उजेड पाहिला तर आट्यांच्या कडा तुटक दिसत होत्या. ते पिस्तूल शेठनी परत केलं. त्या दिवसापासून मुठीच्या पट्ट्या काढल्याशिवाय आम्ही कुठल्याही जुन्या पिस्तुलाची किंमत बोलत नाही. गिऱ्हाइकालाही मी हेच सांगतो: विकणारा पट्टी काढू देत नसेल तर तिथून उठा.

आतला भाग तपासायला घाई चालत नाही. नळी बाहेर काढून उजेडाकडे धरायची, आत कुठं काळी कडी दिसते का पाहायचं. तशी कडी म्हणजे कधीतरी अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडल्याची खूण, नळी तिथं फुगलेली असते, बाहेरून बोट फिरवलं तरी जाणवते. स्लाइडच्या आतला काडतूस टेकतो तो सपाट भाग पाहायचा. फायरिंग पिनच्या भोकाभोवती झीज असेल तर पिस्तूल खूप चाललंय किंवा वाईट दारूचं काडतूस वापरलंय. एक्स्ट्रॅक्टरची नखी धारदार हवी, गोल झालेली नखी रिकामं काडतूस ओढून काढत नाही. मग सेफ्टी. ज्या पिस्तुलात सेफ्टी लावल्यावर घोडा चढलेलाच राहतो, तिथं घोडा चढवून सेफ्टी लावायची, चाप पुरता ओढायचा, सोडायचा, आणि आता सेफ्टी काढायची. याच क्षणी घोडा पडला तर आतली पकड झिजलेली आहे. हे फार लोकांना ठाऊक नसतं. ते सेफ्टी लावून चाप ओढतात, घोडा पडला नाही म्हणून खूश होतात. धोका त्यानंतरच्या पायरीवर असतो. मुठीची सेफ्टी असेल, कोल्ट आणि ब्राउनिंगला असते, तर मूठ न दाबता चाप ओढून पाहायचा. शेवटी मी मागे रबर असलेली साधी पेन्सिल नळीत सोडतो, रबर आतल्या बाजूला, तोंड वर. चाप ओढल्यावर पेन्सिल टणकन उडून बाहेर यायला हवी. नुसती हलली तर फायरिंग पिनचा मार्ग चोंदलेला आहे. महाबळेश्वरच्या एका पिस्तुलात मी तो मार्ग घट्ट गोठलेल्या खोबरेल तेलानं भरलेला पाहिला आहे. घरात जे तेल असेल ते घालायची आपली सवय. खोबरेल थंडीत गोठतं आणि कालांतरानं चिकट होतं. हत्याराला हत्याराचंच तेल घाला, तेही थेंबानं.

काही हत्यारं तपासायच्या आधीच बाजूला ठेवावी लागतात. पहिल्या महायुद्धात फ्रेंच फौजेसाठी स्पेनच्या एइबार गावातल्या अनेक लहान कारखान्यांनी .३२ ची पिस्तुलं भराभर तयार केली. त्यातली काही फिरत फिरत आपल्याकडेही पोचली. काही बरी आहेत, पण पुष्कळांचं पोलाद मऊ आहे, सेफ्टी आणि घोड्याच्या पकडीचे भाग झिजून गेलेले असतात. रोज अंगावर बाळगायला मी ती कोणालाच सुचवत नाही, कितीही स्वस्तात मिळोत. त्याहून वाईट म्हणजे नामांकित कंपनीचा शिक्का उठवलेल्या नकला, पेशावरकडच्या दर्रा गावच्या किंवा इकडच्या. शिक्का वाकडा, अक्षरांची खोली कमीजास्त, आणि नंबर ठोकताना आजूबाजूचं लोखंड उचललेलं. नंबर खोडलेला किंवा बदललेला असेल तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार ते बाळगणं, विकणं दोन्ही गुन्हा. असं काही समोर आलं तर शेठ त्याची किंमत विचारत नाहीत, पोलीस ठाण्याला फोन करतात. गिऱ्हाइकानंही परवान्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर स्वतः ताडून पाहावा, एकेक आकडा बोट ठेवून.

आता माणसाकडे वळतो, कारण खरी निवड इथंच होते. हुपरीचा एक चांदीचा व्यापारी आमच्याकडे आला होता. पन्नाशीचा, जाडजूड, हात कुस्तीगिराचे. हुपरीतून तयार दागिने घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत आणि पुढे निपाणी, बेळगावकडे गाडीनं जाणं-येणं, संध्याकाळी रोकड घेऊन परतणं. जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना झालेला. त्याला पीपीकेच हवं होतं. दुकानात एक होतं, युद्धानंतरच्या बनावटीचं, तपासणीत उत्तम निघालेलं. पीपीके खरंच चांगलं पिस्तूल आहे: पहिली गोळी घोडा न चढवता नुसत्या चापानं सुटते, चेंबरमध्ये गोळी असली तर मागे छोटी पिन बाहेर येते, ती अंधारातही अंगठ्याला लागते, आणि सेफ्टी लावली की चढलेला घोडा सुरक्षित खाली येतो. हे सगळं मी त्याला सांगितलं. मग रिकामं करून त्याच्या हातात दिलं आणि घट्ट धरायला लावलं. त्याच्या मोठ्या पंजात ते बुडून गेलं. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस स्लाइडच्या वाटेत येत होतं. ‘‘हे झाडलंत की स्लाइड मागं येताना इथं चावंल,’’ मी बोटानं दाखवलं. त्याला पटेना. रेंजवर नेलं तेव्हा पटलं. पहिलं मॅगझिन संपायच्या आत त्यानं रुमाल मागितला.

त्याच्यापुढे दोन पर्याय उरले होते, एक वेब्ली आणि एक कोल्ट १९०३. वेब्ली स्कॉटचं हे .३२ पिस्तूल लंडनच्या पोलिसांनी वापरलेलं, रांगडं, भरवशाचं. पण त्याचा घोडा बाहेर आणि एकूण आकार कोनाकोनांचा, शर्टाच्या अस्तरात अडकतो. कोल्टचा घोडा आत झाकलेला, कुठंच काही टोचत नाही, बाजू चपट्या, वजन पाऊण किलोच्या आत, मॅगझिनमध्ये ८ काडतुसं. १९०३ पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ही पिस्तुलं लाखोंनी बनली, त्यामुळे जुने भाग कधीमधी मिळतातही. त्याची अडचण वेगळी: चेंबरमध्ये गोळी ठेवली तर आतला घोडा चढलेला राहतो आणि सगळा भार सेफ्टीवर. शंभर वर्षांच्या सेफ्टीवर इतका भार टाकू नये असं माझं ठाम मत आहे. मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं, आणि गरज पडली तर स्लाइड ओढायची. त्याला एक क्षण लागतो, तो मान्य करून चाला. ज्याला हे मान्य नाही त्याला मी कोल्ट देत नाही.

पण कोल्ट की वेब्ली हे मी ठरवलं नाही, ठोकळ्यानं ठरवलं. पिस्तूल विकत घेतल्याशिवाय, परवान्यावर नोंद झाल्याशिवाय घरी देता येत नाही. म्हणून मी सागवानाचे ठोकळे कोरून ठेवलेत, कोल्टच्या मापाचा एक, वेब्लीच्या मापाचा एक, पीपीकेचा एक. आत शिसं ओतून वजन जुळवलंय, कडा तशाच ठेवल्यात. गिऱ्हाईक पैसे काढायला लागलं की मी ठोकळा आणि होल्स्टर पुढे करतो. हे कमरेला लावून आठवडाभर जगा. जेवा, गाडी चालवा, दुकानात बसा, देवळात वाका, चपला घाला, लघवीला जा. मग या. हसतात काहीजण. आठवड्यानंतर हसत नाहीत. कुणाच्या पोटावर वळ उठलेला असतो, कुणाच्या बायकोनं पहिल्याच दिवशी ‘हे काय बांधलंय’ म्हणून विचारलेलं असतं, कुणी दुसऱ्या दिवशीच ठोकळा गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून दिलेला असतो. शेवटच्याला मी स्पष्ट सांगतो, तुम्ही पिस्तूलही कप्प्यातच ठेवाल, आणि गाडी चोरीला गेली की ते चोराच्या हातात जाईल. तुम्ही घेऊ नका.

हुपरीच्या व्यापाऱ्यानं दोन्ही ठोकळे आळीपाळीनं नेले. वेब्लीचा घेऊन गेला आणि लवकर परतला. बसलं की मूठ बरगडीत शिरते, आणि सीटबेल्ट लावताना प्रत्येक वेळी घोड्याला अडकतो, म्हणाला. कोल्टचा ठोकळा जास्त दिवस राहिला. त्याचा एक अनुभव मला फार मोलाचा वाटला. गुजरीत एका पेढीवर तो वाकून हिशेब बघत होता, शर्ट वर सरकला, आणि मागे उभ्या असलेल्या मुलानं विचारलं, ‘‘शेठ, पिस्तूल काय?’’ नुसत्या लाकडाच्या ठोकळ्यानं त्याला ही शिकवण मिळाली. त्यानंतर त्यानं शर्टाची लांबी वाढवली, रुंद जाड चामड्याचा पट्टा घेतला, होल्स्टर उजव्या कमरेवर थोडं मागे सरकवलं. दिसू न देणं ही पिस्तूल बाळगण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. दिसलेलं पिस्तूल चोराला आधीच सावध करतं, किंवा तेच हिसकावून घ्यायचा मोह घालतं. दाखवायसाठी म्हणून मिरवणारा तर गिऱ्हाईक म्हणून आम्हाला नकोच असतो. लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

होल्स्टरबाबत मी फार काटेकोर आहे. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, आणि पिस्तूल उलटं केलं तरी पडता कामा नये. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर पिस्तूल ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. किल्लीचं टोक चापाच्या कडीत शिरायला वेळ लागत नाही. चांगलं होल्स्टर आमच्या गल्लीतला चामडेवाला हत्याराचं माप घेऊन शिवून देतो, पिस्तुलाच्या किमतीपुढे त्याचे पैसे काहीच नाहीत, तरी लोक तिथंच घासाघीस करतात.

कोल्ट ठरलं, तेव्हा पुन्हा रेंज. जुन्या .३२ पिस्तुलाची खरी परीक्षा मॅगझिनमध्ये असते. या काडतुसाच्या बुडाची कडा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि मग स्लाइड कितीही ओढा, काडतूस पुढे जात नाही. म्हणून प्रत्येक काडतूस आधीच्याच्या पुढे आणि वर बसतंय का हे पाहत भरायचं. हे मी त्याच्याकडून इतक्यांदा करून घेतलं की तो वैतागला. मूळ मॅगझिनची स्प्रिंग थकलेली होती, शेवटची दोन काडतुसं वर यायला कुरकुरत होती. ती बदलली. काडतुसं खडकीचीच घेतली, बुडावर ‘केएफ’ शिक्का असलेली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, तिथली काडतुसं मी फौजेत आयुष्यभर हाताळली आहेत. घेताना खोका मात्र नीट वाचावा. .३२ चं रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं, नाव एकसारखं असल्यानं गल्लत होते. आणि वर्षानुवर्षं तीच काडतुसं कपाटात ठेवू नयेत. परवान्यावर वर्षाकाठी जेवढी घ्यायची मुभा आहे, त्यातली जुनी रेंजवर झाडून संपवावीत, म्हणजे हातालाही सराव राहतो.

कागदाचं काम शेठचं, पण गिऱ्हाइकाला ते मलाच विचारायला सोपं वाटतं, म्हणून सांगतो. परवान्यावर हत्याराचा प्रकार आणि खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती उलटू देऊ नये. विक्रेत्याकडून न घेता दुसऱ्या परवानाधारकाकडून थेट घ्यायचं असेल, तर विकणाऱ्याला जिल्हा दंडाधिकारी आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. या ४५ दिवसांची घाई करणारा माणूस दिसला की मला शंका येते. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती, त्यामुळे मधल्या काळात घराघरांतून तिसरं हत्यार बाहेर पडलं आणि बाजारात जुना माल बराच आला. परवान्याच्या अटीही वाचाव्यात: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव, शाळा-कॉलेजचं आवार, इथं हत्यार न्यायचं नाही. हुपरीच्या व्यापाऱ्यानं हे ऐकून विचारलं, मग गावच्या अंबाबाईच्या यात्रेच्या दिवसांत काय करू? मी म्हटलं, घरात कुलपात ठेवा आणि त्या दिवशी रोकड घेऊन फिरू नका. निवडणुकीच्या काळात छाननी समितीनं सांगितलं तर पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, तेव्हा पावती घ्यावी, आणि जमा करण्याआधी पुसून तेल द्यावं, परत मिळाल्यावर पुन्हा उघडावं. ठाण्यातल्या कोठडीत पावसाळा गेला तर गंज धरतोच.

त्याच काळात चंदगड तालुक्यातून एक डॉक्टर आल्या होत्या. प्रसूतीच्या केसेससाठी रात्री-अपरात्री घाटातून एकट्या गाडी चालवत यायच्या. परवान्याचा अर्ज केलेला, अजून मंजूर व्हायचा होता, आणि आधी हत्यार ठरवावं म्हणून चौकशीला आलेल्या. तयारी करून येणारी माणसं मला आवडतात. मी त्यांच्या हातात वॉल्थर दिलं. .३२ ची ही पिस्तुलं बहुतेक नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर बंद राहतात, स्लाइडला दुसरं कुलूप नसतं, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. त्यांना स्लाइड निम्मीच मागे आली. पद्धत बदलून दाखवली, हात शरीराजवळ, पिस्तूल पुढे ढकलायचं, तरीही दमछाक झाली. कोल्टची स्लाइड जरा सोपी, ती त्यांनी ओढली. २०१४ मध्ये कानपूरहून आलेल्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरचंही मी सांगितलं, वजन अर्धा किलो, स्लाइड ओढायची भानगड नाही. ‘‘मेजरकाका, मी पर्समध्ये ठेवीन,’’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, पर्स तुम्ही दिवसातून किती वेळा खाली ठेवता ते आधी बघा. त्यांना कोल्टचा ठोकळा दिला.

त्या परत आल्या तेव्हा ठोकळ्याबरोबर एक वहीचं पान होतं, कुठं काय झालं याची टिपणं लिहिलेली. प्रसूतिगृहात शिरताना तो काढावाच लागतो. काढून ठेवायला कुलपाची जागा नाही, आणि केस अचानक येते तेव्हा कुलूप लावायला वेळ नसतो. ओपीडीत पर्स टेबलाखाली असते आणि तिथंच पेशंटची पोरं रांगतात. एका पोरानं पर्सची चेन उघडून ठोकळा बाहेर काढला होता आणि त्याची आई त्याला लाकडाचं खेळणं समजून परत देत होती. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. घाटातला प्रवास दिवसातून एकदा, दवाखाना दिवसभर, असं त्या म्हणाल्या. त्यांनी दवाखान्याच्या मागे राहायची एक खोली करून घ्यायचं ठरवलं होतं, रात्रीच्या केसनंतर सकाळी निघायचं, आणि लांबच्या फेऱ्यांना गावातला एक ओळखीचा ड्रायव्हर. अर्ज मागे घेणार होत्या.

‘‘तुमचं गिऱ्हाईक गेलं, शेठ रागावतील का?’’ त्यांनी मला विचारलं. शेठ समोरच होते. त्यांनी पोऱ्याला चहाला पिटाळलं, ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि अर्ज मागे घेण्याचं पत्र कोणाच्या नावानं लिहायचं, त्यात अर्जाचा कोणता नंबर घालायचा आणि कुठल्या खिडकीवर देऊन पोच घ्यायची, ते त्यांना सांगायला सुरुवात केली.